डोलकाठी नव्हे, बंदिस्त मनोरा: ‘रॅडफर्ड’ विनाशिकेविषयी वाचकांचे प्रश्न

‘आर्थर डब्ल्यू. रॅडफर्ड’ ही अमेरिकी नौदलाची विनाशिका. तिच्या मागच्या डोलकाठीच्या जागी १९९७ साली फायबरचा एक बंद मनोरा बसवला गेला. या प्रयोगाविषयी आणि त्यामागच्या तंत्राविषयी आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं या सदरात देत आहोत.

प्रश्न (अलिबाग): जुन्या फोटोत या जहाजावर षटकोनी, खिडक्या नसलेली इमारत दिसते. तिच्यात नेमकं काय होतं? आणि निवृत्त जहाजावर एवढा खर्च का केला?

आधी एक दुरुस्ती. मनोरा बसला तेव्हा रॅडफर्ड निवृत्त झालेली नव्हती. स्प्रूअन्स वर्गाच्या ३१ विनाशिकांपैकी ही एक. ती १९७७ साली सेवेत आली आणि २००३ साली निवृत्त झाली. म्हणजे मनोरा घेऊन तिने जवळजवळ सहा वर्षं नेहमीची नौकरी केली, आणि या प्रयोगाचं खरं मोल त्यातच आहे. प्रयोगशाळेत फायबरचा एक पत्रा तपासणं वेगळं आणि तोच पत्रा खारा वारा, इंजिनाचा धूर, लाटांचे दणके सोसत वर्षानुवर्षं उभा राहणं वेगळं. १९९९ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, रात्रीच्या वेळी, ‘सौदी रियाध’ या मालवाहू जहाजाशी तिची टक्कर झाली. मार लागला तो पुढच्या अंगाला. दुरुस्तीनंतर ती पुन्हा सेवेत आली.

आता आत काय होतं ते. साध्या डोलकाठीवर रडारचे अँटेना उघड्यावर फिरतात. रॅडफर्डवर हवाई टेहळणीचं एसपीएस-४० आणि लक्ष्य हेरणारं मार्क २३ टीएएस ही दोन रडारं मनोऱ्याच्या पोटात फिरत होती, भोवती फायबरच्या भिंती. मनोरा सुमारे ९० फूट उंच, रुंदात रुंद जागी ३५ फूट आणि वजनाला ४० टनांच्या आसपास. आकार दोन षटकोनी टोपल्या तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात तसा: खाली निमुळता, कमरेशी रुंद, वर पुन्हा निमुळता. वरचा भाग म्हणजे रडारची खिडकी, खालचा भाग भार पेलणारा.

हा खटाटोप करण्याची कारणं तीन. पहिलं, लोखंडी जाळीची डोलकाठी स्वतःच रडारच्या आड येते. तिचे खांब किरणांच्या वाटेत उभे असले की त्या दिशेला सावली पडते, शिवाय खांबांवरून परतलेल्या लहरींमुळे पडद्यावर खोटी लक्ष्यं उमटतात. दुसरं, खारं पाणी आणि गॅस टर्बाइनचा गरम धूर अँटेनाच्या बेअरिंगपासून केबलच्या जोडांपर्यंत सगळं खातात. ते दुरुस्त करायचं तर रडार बंद करून, पट्टा बांधून माणसाला वर चढावं लागतं. मनोऱ्यात हेच काम छपराखाली, कोरड्यात होतं. तिसरं, कोनाकोपऱ्यांची लोखंडी डोलकाठी शत्रूच्या रडारवर लांबून चमकते.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे फायबरच्या होड्या बांधतात. त्यावरून रडारच्या लहरी आरपार जातात हे माहीत आहे. पण आपल्या लहरी जाऊ द्यायच्या आणि परक्याच्या अडवायच्या, हे एकाच भिंतीला कसं जमतं? आणि अशी भिंत होडीसारखीच करतात का?

प्रश्नाचं उत्तर लहरींच्या लांबीत आहे. रडारची वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये घेऊन त्या आकड्याने ३० ला भागलं की लहरीची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. एसपीएस-४० हे ०.४ ते ०.४५ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहर साधारण ७० सेंटिमीटरची. शत्रूच्या क्षेपणास्त्राच्या नाकातलं रडार बहुधा १० गिगाहर्ट्झच्या आसपास असतं. त्याची लहर ३ सेंटिमीटर. इतका फरक असला की चाळणी लावता येते.

काचेच्या फायबरमध्ये शिरल्यावर लहर आखडते, साधारण निम्मी होते. ३ सेंटिमीटरची लहर आत १.५ सेंटिमीटरची. भिंतीची जाडी या आतल्या लांबीच्या निम्मी, म्हणजे ७.५ मिलिमीटर ठेवली, तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून उलटणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि जवळजवळ सगळी ऊर्जा पार जाते. जाडी पाव लांबीइतकी, म्हणजे पावणेचार मिलिमीटर झाली की उलटं घडतं. त्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि सुमारे ३६ टक्के ऊर्जा मागे फिरते. होडी बांधणारा मॅटचा एखादा थर कमी-जास्त झाला तर काही म्हणत नाही. रडारच्या भिंतीत तोच थर सगळं गणित बिघडवतो. ७० सेंटिमीटरच्या लांब लहरीला मात्र ७.५ मिलिमीटरची भिंत जाणवतही नाही, शंभरातला एखादा भाग कमी होतो एवढंच.

म्हणजे नुसतं फायबर आपलं रडार बाहेर सोडतं, पण परक्याचंही आत घेतं, आणि आत फिरणारा लोखंडी अँटेना त्याला छान दिसतो. म्हणून फायबरच्या थरांमध्ये तांब्यासारख्या धातूची बारीक नक्षी पुरतात. हजारो सारखे तुकडे, एकमेकांपासून सुटे. तुकड्याची लांबी आतल्या लहरीच्या निम्मी असली की तो त्या लहरीला प्रतिसाद देतो आणि तिला परतवतो. १० गिगाहर्ट्झसाठी हे माप येतं ७.५ मिलिमीटर. हे पाठ्यपुस्तकी गणित आहे. प्रत्यक्षात तुकड्याचा आकार, त्यांतलं अंतर आणि थरांची संख्या बदलून अडणाऱ्या लहरींचा पट्टा रुंद किंवा अरुंद करतात. ७० सेंटिमीटरच्या लहरीला असले चिमुकले तुकडे नसल्यासारखेच. मासेमारीच्या जाळ्याच्या उलट हा हिशोब: इथे मोठं पार जातं, बारीक अडतं.

अडलेली लहर आली तशी परत गेली तर उपयोग शून्य. त्यासाठी भिंती तिरप्या. भिंत १० अंशांनी कलली की उलटलेली लहर २० अंशांनी वळते. १० किलोमीटरवरून आलेला झोत परत जाईपर्यंत पाठवणाऱ्याच्या डोक्यावरून साडेतीन किलोमीटरपेक्षा उंच निघून जातो.

आता बांधणी. होडीसारखी हाताने ब्रश-रोलर मारून ही भिंत करत नाहीत. हाताच्या कामात रेझिन (कापडात मुरून घट्ट होणारा चिकट द्रव) कुठे जास्त, कुठे कमी बसतं, हवेचे बुडबुडे राहतात आणि जाडी सारखी येत नाही. इथे व्हॅक्यूमने रेझिन ओढून घेण्याची पद्धत वापरतात. अमेरिकेत विल्यम सीमन यांनी १९९० च्या सुमारास पेटंट घेतलेली ‘स्क्रिम्प’ पद्धत याच जातीची. क्रम असा:

साच्याला मेण किंवा रिलीज एजंट लावून त्यावर काचेचं कापड कोरडंच अंथरायचं. मधे बाल्सा लाकूड किंवा फोमचा गाभा, त्यावर पुन्हा कापड. बाल्सा आपल्या काटेसावरीच्या कुळातलं, अतिशय हलकं. त्याचे तुकडे रेषा उभ्या राहतील असे बसवतात, म्हणजे दाबाला ते टिकतं आणि पाणी आडवं लवकर पसरत नाही. वर सोलून काढायचं कापड, त्यावर रेझिन झटकन पसरवणारी जाळी, रेझिनच्या नळ्या, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कडेने चिकट पट्टीने बंद. पंप लावून मापकावर पाऱ्याची २८ ते २९ इंच निर्वात खेचायची, मग पंप बंद करून १५ मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. काटा खाली सरकला तर गळती आहे. ती कान लावून शोधा, साबणाच्या पाण्याने नको. पाणी आत ओढलं जातं आणि कापड ओलं झालं की ते सगळं फेकून द्यावं लागतं.

गळती नसेल तरच रेझिनला हात लावायचा. व्हिनाइल एस्टर या रेझिनला एमईकेपी हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रव्य) वेगळं घालायचं असेल तर आधी कोबाल्ट, ते पूर्ण ढवळून मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका. स्फोट होतो. कोकणातल्या उन्हाळ्यात दुपारी हे काम धरू नये, रेझिन पोहोचायच्या आत घट्ट होतं. पहाटेची वेळ चांगली.

बिघडतं कुठे? रेझिन सोपी वाट शोधतं. गाभ्याच्या दोन तुकड्यांत २ मिलिमीटरची फट राहिली तर ते त्या फटीतून सुसाट पुढे पळतं, निर्वाताच्या नळीपाशी पोहोचतं आणि मागे कोरडं बेट अडकून पडतं. बाहेरून हे बेट पांढुरकं दिसतं. होडीत ते कापून पॅच मारतात. नक्षी पुरलेल्या भिंतीत पॅच मारायचा तर आतली तांब्याची ओळही तंतोतंत जुळवावी लागते, नाहीतर त्या जागी कायमचा डाग राहतो: आपलं रडार तिथे मंद, परक्याला ती जागा चमकदार.

प्रश्न (मुरुड): म्हणजे हे जहाज रडारला दिसत नव्हतं?

दिसत होतं. स्प्रूअन्स वर्गाचं जहाज ५६३ फूट लांब, त्याचा बाकीचा भाग सपाट, उभ्या भिंतींचा आणि धातूचा. पुढची डोलकाठीही जुन्याच पद्धतीची उघडी होती. मनोऱ्याने फक्त मागच्या डोलकाठीचा हिस्सा कमी केला. इथे तपासायचं होतं ते तंत्र.

प्रश्न (मुंबई, व्यापारी जहाजावरील इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी): अशा मनोऱ्याची देखभाल कशी? आम्हाला साध्या रडोमचाच, म्हणजे अँटेनावरच्या फायबरच्या आवरणाचाच, त्रास होतो.

साध्या रडोमला जे सोसावं लागतं तेच इथे मोठ्या मापात. बिघाडाचं पहिलं कारण रंग. लोखंडावर गंज दिसला की रंग मारायचा ही सवय फायबरच्या खिडकीवर घातक ठरते. ॲल्युमिनियमची पूड किंवा कार्बनचं काळं रंगद्रव्य असलेला रंग लहरी अडवतो. साधा रंगही एकावर एक दहा हात मारला तर मिलिमीटरभर जाडी वाढते, आणि वर पाहिलंच आहे की १० गिगाहर्ट्झला मिलिमीटरने काय होतं. पाव लांबीच्या वाईट जाडीची भिंत जाताना ३६ टक्के खाते, परतताना उरलेल्याच्या पुन्हा ३६ टक्के. हातात उरतात ४१ टक्के. रडारचा पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळाने घटतो, त्यामुळे १०० मैलांवर दिसणारी वस्तू ८० मैलांवर दिसू लागते. रडार बंद पडत नाही, अलार्म वाजत नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. उपाय एकच: खिडकीच्या भागासाठी मंजूर रंग वेगळा ठेवायचा, नवा हात मारण्याआधी जुना घासून काढायचा आणि जाडी प्रत्येक वेळी नोंदवायची. तुमच्या रडोमवर तर उत्पादकाने सांगितल्याखेरीज ब्रश लावूच नका.

दुसरं पाणी. बोल्टसाठी पाडलेल्या भोकातून ते गाभ्यात शिरतं आणि बाल्सा कुजतो. भोक आधी मोठं पाडायचं, १२ मिलिमीटरच्या बोल्टला २० च्या आसपास, ते भरीव इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यातूनच १२ चं भोक. अशाने बोल्टचा आणि गाभ्याचा संबंध येत नाही, आणि आवळताना गाभा चिरडतही नाही. तपासणीला एक रुपयाचं नाणं पुरतं. चांगल्या भिंतीवर टणक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटले असतील किंवा गाभा कुजला असेल तिथे भद्द. चौकोन आखून ओळीने ठोकत जायचं आणि आवाज बदलेल तिथे खडूने खूण करायची. सूर्य मावळल्यावर तासाभरात थर्मल कॅमेऱ्याने पाहिलं तर ओला भाग अजून गरम दिसतो.

उरलेली तीन कारणं थोडक्यात. वीज: लोखंडी डोलकाठी स्वतःच आकाशातली वीज जमिनीपर्यंत, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यापर्यंत नेते, फायबर नेत नाही. म्हणून शेंड्यावर दांडी आणि तिथून खालपर्यंत जाड तांब्याची पट्टी हवी, तीही रडारच्या वाटेतून बाजूला. पट्टीच्या जोडांचा रोध दर तपासणीत मोजा. उष्णता: बंद खोलीत ट्रान्समीटर, मोटर, ऊन. हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद पडली की आतली इलेक्ट्रॉनिक्स बाहेर असती त्याहून लवकर जाते. आग: व्हिनाइल एस्टर जळताना काळा, दाट धूर सोडतं आणि रेझिन मऊ झालं की भिंतीची ताकद लोखंडाच्या कितीतरी आधी ढासळते. आतून आगरोधक आवरण लागतंच.

आणि एका छपराखाली दोन रडारं म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात. भिंतीवरून आत परतणाऱ्या लहरी शोषायला ठरावीक जागी शोषक पॅनेल बसवावी लागतात. ती सुटून पडली की पडद्यावर ठरावीक दिशेलाच खोटे ठिपके दिसू लागतात. ठिपके जहाजासोबत वळत असतील, समुद्रावरच्या एका जागी खिळलेले नसतील, तर दोष मनोऱ्यात शोधा.

प्रश्न (नागपूर): इतकं चांगलं असेल तर सगळ्या जहाजांवर का नाही?

काही जहाजांवर गेलं. अमेरिकेच्या सॅन अँटोनियो वर्गाच्या वाहतूक जहाजांवर असे दोन-दोन मनोरे बसले. त्यातलं पहिलं जहाज २००६ साली सेवेत आलं. पण त्याच वर्गातल्या फोर्ट लॉडरडेलपासून खर्च वाचवायला पुन्हा साध्या डोलकाठ्या आल्या. झुमवाल्ट विनाशिकांची कथाही तशीच. पहिल्या दोन जहाजांवर अख्खं वरचं बांधकाम कार्बन-फायबर आणि बाल्साचं, तिसऱ्यावर मात्र पोलादी. झुमवाल्टचे ते भाग ज्या मिसिसिपीतल्या गल्फपोर्टच्या कारखान्यात घडले, तो २०१४ मध्ये बंद झाला.

आमच्या मते अडचण किमतीहून खोल आहे. नक्षी ठरावीक लहरींसाठी कापलेली असते. दहा वर्षांनी जहाजाला वेगळ्या पट्ट्यावरचं रडार द्यायचं ठरलं तर साध्या डोलकाठीवर अँटेना काढून दुसरा लावतात, इथे भिंतच बदलावी लागते. शिवाय आता न फिरणारे सपाट अँटेना आले. ते मनोऱ्याच्या भिंतीतच बसतात, त्यांना वेगळी खिडकी लागत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, २०१४ साली मुंबईत सेवेत आलेल्या आयएनएस कोलकाताच्या डोलकाठीवर चार दिशांना असे एमएफ-स्टार रडारचे चार फलक दिसतात. लांबून पाहिलं तरी ओळखू येतात.

प्रश्न (पुणे): खरोखर निवृत्त विनाशिकेवर असे प्रयोग होतात का?

होतात, आणि ते फार महत्त्वाचे आहेत. रॅडफर्डचीच बहीण, पॉल एफ. फॉस्टर, २००३ साली निवृत्त झाल्यावर कॅलिफोर्नियातल्या पोर्ट ह्युनेमे इथे स्वसंरक्षण चाचणी जहाज बनली. तिच्याआधी हे काम डिकेटर करत असे. जहाजावर माणूस न ठेवता ते दूरवरून चालवायचं, मागे दोरखंडाने तराफा ओढायचा आणि क्षेपणास्त्र त्या तराफ्याच्या दिशेने सोडायचं. जहाजावरची रडार आणि शस्त्रं ते अडवतात का, हे जिवंत माऱ्यात तपासता येतं. माणसं असलेल्या जहाजावर सुरक्षिततेचं जे अंतर पाळावं लागतं, ते इथे पाळावं लागत नाही. शेवटच्या काही सेकंदांत रडार कसं वागतं, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकं खरं कळत नाही.

प्रश्न (मालवण): रॅडफर्ड आता कुठे आहे?

समुद्राच्या तळाशी. १० ऑगस्ट २०११ रोजी डेलावेअर, न्यू जर्सी आणि मेरीलँड या राज्यांनी मिळून ती कृत्रिम प्रवाळभिंतीसाठी बुडवली, किनाऱ्यापासून सुमारे २६ मैलांवर, साधारण १३० ते १४० फूट पाण्यात. त्याच महिन्याच्या अखेरीस आयरीन वादळ तिथून गेलं, आणि नंतर बुडी मारून पाहणाऱ्यांना जहाज तीन तुकड्यांत मोडलेलं आढळलं. विनाशिकेचा सांगाडा हलका, पत्रे पातळ. तळावर विसावल्यावर खालून आधार सारखा नसला आणि वरून लाटांचा हेलकावा पोहोचला की तो वाकून मोडतो.

तुमच्या दाराशीच हा विषय आला आहे. २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार हे नौदलाचं जहाज निवतीच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून बुडवण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आहे. अशा जहाजातून काय काढायचं याची अमेरिकेतली २००६ ची मार्गदर्शक यादी उपयोगी आहे: तेल आणि इंधन, ॲस्बेस्टॉस, जुन्या केबलच्या आवरणातली आणि गास्केटमधली पीसीबी रसायनं, सुटणारा रंग, आणि तरंगणाऱ्या वस्तू. शेवटचा मुद्दा फायबर-फोमच्या भागांना थेट लागू होतो. गाभ्यातला फोम सुटला तर तुकडे वर येतात, वाहत जातात आणि मासेमारीच्या जाळ्यात अडकतात. असे भाग धक्क्यावरच कापून घेतलेले बरे.

प्रश्न (ठाणे): भारतीय नौदलात यातलं काही येतंय का?

दोन गोष्टी नक्की सांगता येतात. कलकत्त्यात बांधलेल्या कामोर्ता वर्गातल्या आयएनएस किल्तान आणि कवरत्ती या दोन जहाजांचं वरचं बांधकाम कार्बन-फायबरचं आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये टोकियोत भारत आणि जपानने ‘युनिकॉर्न’ या एकत्रित डोलकाठीवर मिळून काम करण्याच्या करारावर सह्या केल्या. भारताकडून भारत इलेक्ट्रॉनिक्स ते करणार आहे. जपानच्या मोगामी वर्गाच्या फ्रिगेटवर ही डोलकाठी आहे: संपर्काचे आणि टेहळणीचे बरेच अँटेना एका निमुळत्या फायबरच्या खांबात रचलेले, त्यामुळे वर लोंबणारं, चमकणारं फारसं काही उरत नाही. जपानमधल्या घडणीत एनईसीबरोबर योकोहामा रबर ही कंपनीही होती. टायर करणाऱ्यांचं इथे काय काम, असा प्रश्न पडेल. पण लहरी जाऊ देणारं आवरण आणि नको त्या शोषणारे थर, हा शेवटी रबर आणि रेझिन जाणणाऱ्यांचाच धंदा आहे.